वाहती शाई, उरलेली अक्षरे

माझे वडील भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. ते गेल्यावर आमच्या कोंढ्याच्या घरात त्यांची एक टिनाची पेटी राहिली. पेटीत अकरा वह्या होत्या. नोकरीला लागल्यापासून, म्हणजे १९६०च्या पुढेमागे, ज्या ज्या गावी बदली झाली तिथल्या शेतकऱ्यांकडून त्यांनी धानाच्या जुन्या वाणांची माहिती उतरवून घेतली होती. कोणता वाण खोलगट बांधीत येतो, कोणाला पाणी कमी पुरते, कोणाचा तांदूळ जुना झाल्यावर खायला बरा लागतो, असे सगळे. मधूनमधून रोवण्याच्या वेळी बाया म्हणतात ती गाणी. लुचई, चिन्नोर, हिरानक्की ही नावे आजही लोकांना आठवतात. पण वडिलांच्या वह्यांत याशिवाय कितीतरी नावे होती, आणि त्यांतली बरीचशी एकेका गावापुरतीच होती.

एका पावसाळ्यात मी बाहेरगावी असताना घराचे कवेलू सरकले आणि पेटीवर पाणी गळत राहिले. परत आलो तेव्हा पोळा होऊन गेला होता. पाने दोरीवर, सुपात, खाटेवर पसरून सुकवली. सुकल्यावर जे दिसले ते मला समजेना. पहिल्या चार वह्या चिखलकट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या. अक्षरे काळपट तपकिरी, जागच्या जागी. शेवटच्या दोन वह्या बॉलपेनच्या. त्याही वाचता येत होत्या. मधल्या पाच वह्यांची पाने मात्र फिकट आभाळासारखी झाली होती. ओळी नाहीत, शब्द नाहीत, नुसता निळा डाग. माणूस तोच, अक्षर तेच, भिजवणारे पाणीही तेच. पहिल्या नऊ वह्यांना पेनही बहुधा एकच, वडिलांचे जाड काळ्या दांडीचे फाउंटन पेन.

मग मधल्याच का गेल्या? हा प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षे शाई आणि पेन यांच्यामागे लागलो आहे. माझे रीतसर शिक्षण या विषयातले नाही. जे वाचले, जे हाताने करून पाहिले, त्यातून एवढे लक्षात आले की फाउंटन पेनाने लिहिण्यातला जो आनंद आहे आणि त्या पाच वह्यांचे जे झाले, त्या दोहोंचे मूळ एकच आहे. ते मूळ म्हणजे पेनातून सहज वाहणारी पातळ शाई.

बोरूची शाई

आपल्याकडे लिहिण्याचे शास्त्र जुने आणि काटेकोर होते. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, ओळी सारख्या अंतराने याव्यात, बोरू कसे आणावेत आणि कसे घडवावेत, हे सगळे समर्थ तिथे सांगतात. त्यातली एक अपेक्षा मला फार महत्त्वाची वाटते. ग्रंथ सुरू करतानाचे अक्षर आणि संपवतानाचे अक्षर यांत फरक दिसू नये. सगळे एकाच टाकाने उतरले असे वाटावे. बोरूने लिहिणाऱ्याला हे सर्वांत अवघड. दर काही शब्दांनी दौतीत बुडवायचे. बुडवल्यावर पहिले अक्षर गडद, मग फिके, मग पुन्हा गडद. टोक झिजले की चाकूने नवे कापायचे. हे सगळे सांभाळून ओळ एकसारखी ठेवणे हेच लेखकाचे कसब.

शाई घरी किंवा गावात होत असे. एक प्रकार काजळाचा: दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक पाण्यात तासन्‌तास घोटून केलेला. दुसरा हिरड्याचा: हिरडा लोखंडी कढईत उकळून त्यात हिराकस घालायचा. आमच्या भागातल्या जंगलात हिरडा-बेहड्याला तोटा नव्हता, त्यामुळे या शाईचा मुख्य माल दारातच होता.

या दोन्ही शाया टिकतात, पण टिकण्याची कारणे वेगळी आहेत. काजळ म्हणजे कार्बन. त्याच्यावर ना उजेडाचा परिणाम होतो ना हवेचा. तो कणांच्या रूपाने कागदावर बसतो आणि डिंकाने धरून राहतो. हिरड्याच्या शाईचे तसे नाही. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोह यांचा संयोग होतो आणि हवा लागली की तो काळा पडतो. ही क्रिया कागदाच्या तंतूंतच पुरी होते आणि जे तयार होते ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून ही शाई लिहिताना फिकी असते आणि दिवसा-दोन दिवसांनी गडद होते. युरोपात माजूफळ आणि हिराकस यांच्यापासून शेकडो वर्षे अशीच शाई करत. तिच्यातही दोष आहे. ती आम्लधर्मी असल्याने फार तीव्र झाली तर कागदच खाते. पण अक्षर मात्र सोडत नाही.

पेनाला हवी होती पातळ शाई

दौत बरोबर न बाळगता लिहिता यावे ही धडपड जुनी आहे. अडचण शाई साठवण्याची नव्हती. ती बेताबेताने सोडण्याची होती. नळीत शाई भरून टोक खाली केले की एकतर ती येतच नाही, नाहीतर भळकन सांडते. कारण शाई बाहेर यायची तर तिच्या जागी हवा आत गेली पाहिजे. अमेरिकेतल्या लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतले ते या कोड्याच्या उत्तरावर. निबच्या पोटाशी असलेल्या पट्टीत त्यांनी बारीक चरे पाडले. चऱ्यांतून शाई केशाकर्षणाने टोकाकडे येते आणि त्याच वाटेने हवा मागे टाकीत जाते. निबच्या चिरेतून शाई कागदाला टेकली की कागदच ती ओढून घेतो. हाताला दाबावे लागत नाही.

फाउंटन पेनाचे सारे सुख या एका गोष्टीत आहे. बोरू, टाक, पेन्सिल, बॉलपेन ही सगळी कमीजास्त दाब मागतात. फाउंटन पेन मागत नाही. तासभर लिहूनही बोटे आखडत नाहीत. वडील म्हणायचे, पेन नुसते टेकवायचे, चालते ते स्वतःच. आणि समर्थांनी मागितलेली ती एकसारखी ओळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाची, ती या पेनाने सामान्य माणसालाही साधू लागली. मध्ये बुडवणे नाही, फिके-गडद नाही. विचार तुटला तर तो आपला, दौतीमुळे तुटला असे म्हणता येत नाही.

पण त्या बारीक चऱ्यांनी एक अट घातली. काजळाच्या शाईचे कण त्यांत अडकून बसतात. डिंक वाळला की पेन कायमचे बुजते. हे मी स्वतः करून पाहिले आहे. बाजारातून हिरडा आणि हिराकस आणून, आजोबांच्या वेळची कृती लोकांना विचारून मी शाई केली आणि हौसेने एका जुन्या एबोनाइटच्या पेनात भरली. दोन दिवस ती सुरेख चालली. तिसऱ्या दिवशी पेन बंद पडले ते पडलेच. बोरूने लिहिले तर तीच शाई आजही झकास उठते.

म्हणजे फाउंटन पेन आले तेव्हा नुसती लेखणी बदलली नाही, शाईही बदलावी लागली. कढईतली शाई गेली आणि कारखान्यातली, गाळलेली, पातळ शाई आली. तिच्या दोन जाती झाल्या. एक ब्लू-ब्लॅक: लोह आणि टॅनिन यांचे प्रमाण फार कमी ठेवलेली, आणि लिहिताना दिसावी म्हणून निळा रंग घातलेली. लिहिताना निळी, नंतर काळी. तिच्या नावाचा अर्थ तोच. ही आम्लधर्मी शाई लोखंडी निब खाते. चांगल्या पेनांना सोन्याचे निब बसवत त्याचे एक कारण दिमाख, पण दुसरे कारण हे. आणि सोने मऊ म्हणून टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा ठिपका. दुसरी जात नुसत्या रंगाची. पाण्यात विरघळलेला रंग, दुसरे काही नाही. ही निबला त्रास देत नाही, गाळ धरत नाही आणि सर्वांत छान वाहते. भारतीय मानकांतही या दोन जाती वेगळ्या आहेत: लोह-टॅनिनच्या पेनशाईला २२० क्रमांकाचे मानक आणि नुसत्या रंगाच्या शाईला १२२१.

वर्धा, राजमहेंद्री, गिरगाव

कढईतली शाई जाऊन कारखान्यातली आली, तसा एक प्रश्न उभा राहिला. कारखाना कोणाचा? बोरू आणि हिरडा आपले होते. पेन आणि त्याची शाई विलायतेची.

वाराणसीचे राधिकानाथ साहा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच देशी पेने बनवून त्यांची पेटंटे घेतली होती. पण या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती आमच्या विदर्भात. कोंढ्याहून नागपूरमार्गे वर्धा म्हणजे सकाळी निघून दुपारी पोचण्याचा रस्ता. तिथल्या मगनवाडीत डिसेंबर १९३४मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले आणि जे. सी. कुमारप्पा ते पाहत. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ यांच्या जोडीला हातकागद हाही तिथला उद्योग होता. गांधीजींचा ओढा बोरूकडे. आपले अक्षर वाईट असल्याची खंत त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिली आहे आणि मुलांना आधी चित्रकला शिकवावी, मग अक्षरे, असेही सुचवले आहे. फाउंटन पेनाचे त्यांना कौतुक असण्याचे कारण नव्हते.

तरीही या कथेत ते आहेत. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम सोनारकामातले कारागीर. स्वदेशी आणि उपयोगाचे असे काहीतरी करा, या गांधीजींच्या सांगण्यावरून ते १९३२च्या सुमारास पेने बनवू लागले. त्यांच्या घराण्यात सांगतात ती हकीकत अशी की, सुरुवातीच्या पेनात काही भाग परदेशी होते, म्हणून गांधीजींनी ते स्वदेशी मानले नाही. सगळे भाग इथेच घडवल्यावर कुमारप्पांच्या हस्ते पेन वर्ध्याला पोचले. जुलै १९३५मध्ये गांधीजींनी रत्नम यांना पत्र लिहून पेन मिळाल्याचे आणि आपण ते वापरून पाहिल्याचे कळवले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते असा अभिप्राय दिला.

हे पत्र मला दोन कारणांनी महत्त्वाचे वाटते. बोरूचा आग्रह धरणाऱ्या माणसाने लोकांची फाउंटन पेनाची ओढ ओळखली आणि ती मोडून काढण्याऐवजी तिला देशी वाट दाखवली. दुसरे म्हणजे, एबोनाइटची कांडी लेथवर कातून दांडी करणे, सोन्याचा पत्रा ठोकून निब घडवणे, चीर पाडणे, ही सगळी कामे सोनाराच्या आणि कातकाम करणाऱ्याच्या हातची होती. छोट्या गावात, थोड्या हत्यारांनी पेन होऊ शकते हे त्यातून दिसले.

शाईचे काम मात्र रसायनाचे. तिथे पुढे आली मराठी माणसे. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी मुंबईत गिरगावात ‘घोडा छाप’ शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली. पाण्यात विरघळवून दौतीत ओतायची ही शाई टाकासाठी ठीक होती. पुढे त्यांनी खास फाउंटन पेनासाठी शाई काढली तिचे नाव ‘कॅमल’. इराण्याच्या हॉटेलात सिगारेटची जाहिरात पाहून ते नाव सुचले असे सांगतात. त्यातूनच पुढे ‘कॅमलिन’ झाली. २०११मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिचा मोठा हिस्सा घेतला. तिकडे बंगालमध्ये राजशाहीला १९३४ साली मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ शाई सुरू केली. तिच्यामागे खादी प्रतिष्ठानचे रसायनतज्ज्ञ सतीशचंद्र दासगुप्ता यांची कृती होती. घोड्याच्या वडीपासून उंटाच्या बाटलीपर्यंतचा प्रवास म्हणजे टाकापासून पेनापर्यंतचा प्रवास. तो आपल्या शाळांत पुढची तीस-चाळीस वर्षे चालू होता.

खिशातले पेन

पेनाचे आकर्षण केवळ लिहिण्याच्या सुखाचे होते असे म्हटले तर ते अर्धवट होईल. आमच्याकडे ते खिशाचेही होते. लग्नात नवरदेवाच्या खिशाला पेन असे. तो शिकलेला असो वा नसो. बोरू खिशाला लावता येत नाही. फाउंटन पेनाला क्लिप आली आणि साक्षरता अंगावर घालता येऊ लागली.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लेखणीपासून दूर ठेवले गेले त्यांच्यासाठी या खिशातल्या पेनाचा अर्थ फार वेगळा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पुस्तकांसारखाच पेनांचाही शौक होता. १९५४ साली ते भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. त्यांना पाहिलेली माणसे माझ्या लहानपणी आमच्या भागात होती. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि पुढे गावोगावी पुतळे उभे राहिले. कोणत्याही गावचा पुतळा पाहा. निळा कोट, हातात ग्रंथ, आणि कोटाच्या खिशाला पेन. पुतळे घडवणाऱ्याने इतर तपशील कमीजास्त केले तरी ते पेन तो विसरत नाही. हार-फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ वाहा, असे आवाहन आता जयंतीला आणि महापरिनिर्वाणदिनी होते आणि त्या वह्या-पेने शाळेतल्या मुलांना जातात. विदर्भात पेनाच्या इतिहासाचे हे पान वगळून पुढे जाता येणार नाही.

शाळेची निळी शाई

मी स्वतः टाकाने पुस्ती गिरवली आणि पाचवीत फाउंटन पेन मिळाले. बॉलपेनाने अक्षर बिघडते म्हणून वर्गात ते चालत नसे. दुकानदार काही पैशांत ड्रॉपरने पेन भरून देई. परीक्षेत शेजाऱ्याची शाई संपली तर आपल्या पेनातून चार थेंब बाकावर पाडायचे आणि त्याने ते निबने ओढून घ्यायचे, हा व्यवहार सर्वांच्या अंगवळणी पडला होता.

अक्षराचे म्हणाल तर फाउंटन पेनाने देवनागरीचे थोडे नुकसानही केले. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, त्यामुळे काना जाड, वळण बारीक, अशी अक्षराला आपोआप चढउतार मिळते. विलायती निबचे टोक गोल. सगळीकडे रेघ सारखी. शिवाय रोमन लिपीच्या टाकाचा तिरपेपणा आपल्या बोरूच्या उलट. म्हणून आमचे एक गुरुजी पेनाचे टोक दगडावर घासून आपल्या हातासारखे करून घेत. तसे पेन दुसऱ्याच्या हातात चालायचे नाही. पेन उसने देऊ नये असे जुने लोक म्हणत, त्याला आधार होता.

मग बॉलपेन आले. हंगेरीच्या लास्लो बीरो यांनी १९३८मध्ये त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे ते स्वस्त होऊन खेड्यापर्यंत पोचायला बराच काळ लागला. ते जिंकले याचे आश्चर्य वाटू नये. ते गळत नाही, खरखरीत कागदावर फुटत नाही, भरावे लागत नाही. मुख्य म्हणजे कचेऱ्यांना हव्या होत्या कार्बनच्या प्रती. दाब न मागणाऱ्या फाउंटन पेनाने खालच्या कागदावर काहीच उमटत नाही. जो त्याचा गुण, तोच पावतीपुस्तकासमोर दोष ठरला.

खिडकीतल्या पट्ट्या

आता पुन्हा त्या वह्यांकडे येतो. मी जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांवर एकेक ओळ लिहिली: घरच्या हिरडा-शाईने, ब्लू-ब्लॅकने, धुऊन निघणाऱ्या रॉयल ब्लूने, बॉलपेनाने आणि जेल पेनाने. एक संच परातीत पाण्यात बुडवला, दुसरा दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हाळाभर ठेवला.

परातीतली रॉयल ब्लू मी पाहत असतानाच कागद सोडून निघाली. ब्लू-ब्लॅकचा निळेपणा गेला आणि खाली करड्या रंगाची ओळ तशीच राहिली. हिरडा-शाई आणि बॉलपेन यांना पाण्याने काही झाले नाही. बॉलपेनाची शाई तेलकट असते. खिडकीतल्या संचात बॉलपेनही बरेच उडाले. रॉयल ब्लू तर आधीच्या पावसाळ्यातल्या आठवणीसारखी झाली होती. काळ्या जेलची ओळ तशीच होती, कारण माझ्याकडच्या त्या जेलमध्ये रंग कणांच्या रूपात होता. म्हणजे पुन्हा आपली काजळाचीच रीत. हा काही प्रयोगशाळेतला निष्कर्ष नव्हे. पण वह्यांचे कोडे त्याने सुटले. पहिल्या चार वह्या ब्लू-ब्लॅकच्या, मधल्या पाच रॉयल ब्लूच्या.

वडिलांनी शाई का बदलली, एवढेच उरले. मला वाटले निब खाल्ले जाते म्हणून. मी आईला विचारले. ती पट्ट्यांकडे बघत बसली होती. मग म्हणाली, “मीच तं सांगतलं होतं त्याईले, धुतल्यानं निघन अशी शाई आना म्हनून.” खिशाला लावलेले पेन उन्हात सायकलवर गळायचे. टाकीतली हवा तापून फुगली की ती शाईला बाहेर ढकलते, हे मी आता पुस्तकात वाचून सांगू शकतो. तेव्हा तिला एवढेच दिसत होते की गुरुजींना दोनच पांढरे सदरे आहेत आणि खिशावरचा काळा डाग कशानेही जात नाही. शर्टावरून निघावी म्हणून आणलेली शाई वहीवरूनही निघाली.

तिला वाईट वाटेल म्हणून मी विषय बदलला. पण ती तिथेच होती. कोणत्या गावच्या वहीत काय होते, तिने विचारले. मी गावांची नावे सांगितली; ती वहीच्या पुठ्ठ्यावर वेगळी लिहिलेली असल्याने शिल्लक होती. त्या गावांतल्या बांध्यांत ती स्वतः रोवण्याला गेलेली. तिला लिहिता येत नाही. तिने एका वाणाचे नाव सांगितले, मग त्याच्या लोंबीचा रंग, मग त्या बांधीत म्हणायचे गाणे.

कोंढ्याहून जवळच पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०च्या उत्खननात बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या शिळांवर ब्राह्मी लिपीतले लेख. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी दान दिले त्यांची नावे आपण आज वाचतो. दगडावर कोरणाऱ्याने निदान एक गोष्ट मनाशी पक्की केली होती की हे पुढच्याने वाचायचे आहे. आपण हाताला सुखाचे वाटेल त्या शाईने लिहितो आणि पुढच्याचा विचार करत नाही. आज फाउंटन पेनाची आवड पुन्हा वाढते आहे, पुण्या-मुंबईत तरुण मुले नव्या देशी पेनांसाठी आणि रंगीबेरंगी शायांसाठी पैसे साठवतात, याचा मला आनंदच आहे. पत्र निळ्या-हिरव्या शाईने लिहावे. पण जी नोंद दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली आहे, जी आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेली आहे, ती लिहिताना बाटलीवरचे बारीक अक्षर वाचावे. ‘वॉशेबल’ असेल तर ती शाई त्या कामाची नाही.

मी वडिलांच्याच पेनात ब्लू-ब्लॅक भरतो. पेन दर पंधरा दिवसांनी कोमट पाण्याने धुतो, नाहीतर गाळ धरतो. पाच वह्यांच्या बदल्यात सध्या एक वही झाली आहे. आई सांगते, मी लिहितो. आजूबाजूच्या गावांतल्या तिच्या वयाच्या बायांकडेही जातो. जी नावे दोन जणींनी वेगवेगळी सांगितली ती दोन्ही लिहितो. जी कोणालाच आठवत नाहीत त्यांच्यासाठी गावाचे नाव लिहून ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. आणि पेन आता शर्टाच्या खिशाला लावत नाही.